टोक पाहावे, मग भोक पाडावे

पहिल्या नोकरीच्या पगारातून मी घरासाठी ॲक्रिलिकची नावाची पाटी करून घेतली होती. काळी, पाच मिलिमीटर जाडीची. चार कोपऱ्यांना चार भोके पाडून ती भिंतीला बसवायची, एवढेच काम उरले होते. माझ्याकडे साडेपाच मिलिमीटरचे नवे बिट होते. आदल्याच दिवशी त्याने लोखंडी अँगलला आठ भोके पाडली होती आणि ते एकदाही अडले नव्हते. पाटीची तीन भोके नीट पडली. चौथ्या वेळी बिट खालून बाहेर पडता पडता कट् असा आवाज झाला आणि भोकापासून कडेपर्यंत सरळ तडा गेला.

पाटी आणि कापून उरलेला एक तुकडा घेऊन मी ओळखीच्या एका वयस्क फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी तडा पाहिला, मग माझे बिट उजेडाकडे धरून त्याचे टोक पाहिले. "बिट चांगलं आहे रे," ते म्हणाले, "पण हे लोखंडाचं आहे." खणातून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. आत वीस-पंचवीस बिट्स होती आणि त्यांतल्या काहींच्या दांड्यावर ऑइल पेंटचा ठिपका होता. पांढऱ्या ठिपक्याचे एक उचलून त्यांनी माझ्या उरलेल्या तुकड्याला अगदी कडेजवळ दोन भोके पाडून दाखवली. दोन्ही भोके वरून-खालून स्वच्छ, कुठे चीर नाही की टवका नाही.

दोन्ही बिट्स एकाच मापाची, एकाच जातीच्या पोलादाची आणि दोन्ही धारदार. सगळा फरक होता तो टोकाच्या चार-पाच मिलिमीटरमध्ये. हे प्रकरण त्या चार-पाच मिलिमीटरविषयी आहे.

टोकाशी नेमके काय असते

दहा मिलिमीटरचे एखादे साधे बिट हातात घ्या आणि टोक आपल्याकडे करून भिंगातून पाहा. अंगावरून पीळ घेत आलेल्या दोन पन्हळी टोकाशी येऊन संपतात. पन्हळ जिथे संपते तिथे तिची कड म्हणजे धार. अशा दोन धारा समोरासमोर असतात आणि कापण्याचे काम त्याच करतात. प्रत्येक धारेमागचा भाग किंचित उतरता घासलेला असतो. हा उतार साधारण 8 ते 12 अंशांचा असतो. तो नसेल तर धार धातूला टेकण्याआधी तिची पाठच टेकेल, बिट नुसते घासत राहील आणि तापेल.

आता अगदी मध्यावर पाहा. तिथे सुईसारखे टोक नसते, तर दोन धारांना जोडणारी एक आखूड आडवी कड असते. छिन्नीच्या तोंडासारखी दिसते म्हणून कारखान्यात तिला चिझल एज म्हणतात. बिटाचे सगळे दुखणे इथे आहे. दहा मिलिमीटरचे बिट मिनिटाला 1000 फेरे घेत असेल तर त्याच्या बाहेरच्या कोपऱ्याचा वेग मिनिटाला साधारण 31 मीटर असतो. मध्यापासून एक मिलिमीटरवर तो सव्वासहा मीटरवर येतो आणि बरोबर मध्यावर शून्य होतो. जिथे वेगच नाही तिथे कापणार काय? म्हणून मधली कड धातू कापत नाही. ती त्याला रेटते, चिरडते आणि बाजूला सारते. आपण मशीनवर जो दाब देतो त्यातला जवळपास निम्मा, कधी त्याहून अधिक, एकट्या या आडव्या कडेवर खर्च होतो. मोठे भोक पाडण्याआधी बारीक भोक पाडून घ्यायची पद्धत आहे ती यासाठीच. मधल्या कडेइतके भोक आधीच तयार असले की मोठ्या बिटाचे सगळे काम धारांकडे जाते आणि दाब एकदम कमी लागतो.

मध्याला वेग नाही म्हणून त्रास, तर बाहेरच्या कोपऱ्याला वेग फार म्हणून त्रास. सर्वांत जास्त घर्षण आणि सर्वांत जास्त उष्णता कोपऱ्यावर असते, आणि भोकाची भिंतही तोच कोपरा घडवतो. बिट झिजते तेव्हा बहुधा तिथूनच झिजू लागते. मध्य आणि कोपरा ही दोन ठिकाणे लक्षात ठेवा. बाजारात मिळणारा टोकाचा प्रत्येक आकार या दोन ठिकाणांचा बंदोबस्त करण्यासाठी निघाला आहे. बंदोबस्त वेगवेगळा, कारण समोरचा माल वेगवेगळा.

118 अंश कुठून आले

दोन धारांमध्ये जो कोन होतो तो टोकाचा कोन. हार्डवेअरच्या दुकानात नुसते "धातूचं बिट द्या" म्हटले की जे मिळते त्याचा कोन बहुधा 118 अंश असतो, म्हणजे मधल्या अक्षाशी प्रत्येक धार 59 अंशांत. सर्वसाधारण लोखंडी कामाला हा कोन मानवतो. शिवाय नेहमीच्या बिटाच्या पन्हळीचा आकारच असा ठरवलेला असतो की टोक 118 अंशांत घासले तर धार सरळ रेषेत येते. कोन बदलला की धार आत किंवा बाहेर वाकते.

कोन लहान केला, म्हणजे टोक अणकुचीदार केले, की धारेची लांबी वाढते. दहा मिलिमीटरच्या बिटाला 118 अंशांत प्रत्येक धार मध्यापासून 5.8 मिलिमीटर भरते, 90 अंशांत 7.1 आणि 60 अंशांत पुरी 10. तेच काम लांब धारेवर पसरते, कीस पातळ निघतो आणि कोपऱ्यावरचा ताण हलका होतो. पण टोक आत शिरून पूर्ण व्यासाचे भोक व्हायला वेळ लागतो आणि बिट फिरवायला जोर अधिक लागतो. उलट कोन मोठा केला, म्हणजे टोक बसके केले, की धार आखूड होते, कीस जाड निघतो, फिरवण्याचा जोर कमी लागतो, पण वरून दाब मात्र वाढवावा लागतो.

टोकाची उंचीही बदलते. दहा मिलिमीटरच्या बिटाचे टोक 135 अंशांत 2.1 मिलिमीटर उंच असते, 118 अंशांत 3, 90 अंशांत 5 आणि 60 अंशांत जवळजवळ 8.7. आरपार न जाणारे भोक पाडताना ही उंची खोलीत धरावी लागते. वीस मिलिमीटर खोल आट्यांसाठी बिट बरोबर वीस मिलिमीटर आत घातले तर तळाशी शंकू उरतो आणि शेवटचे आटे पडत नाहीत.

चपट्या पात्यापासून पिळापर्यंत

आजचे पिळाचे बिट फार जुने नाही. त्याआधी लोहार पोलादाची सळई ठोकून टोकाला चपटी करत आणि भाल्यासारखी घासून घेत. ते पाते कापण्यापेक्षा खरवडत असे. कीस बाहेर यायला वाट नसल्याने दर थोड्या वेळाने बिट काढून भोक साफ करावे लागे. अमेरिकेत पिळाची बिट्स आली तेव्हा सुरुवातीला त्यांच्या पन्हळी गोल कानशीने हातांनी घासून काढत. यादवी युद्धाच्या काळात बंदुकीच्या घोड्याखालच्या बारीक नळीला भोके पाडायला अशी बिट्स फार लागू लागली. त्या पन्हळी मशीनवर कापता याव्यात या गरजेतून ब्राउन अँड शार्प कंपनीत जोसेफ ब्राउन यांनी 1862 मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केले. पुढच्याच वर्षी, 1863 मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या स्टीफन मोर्स यांनी पिळाच्या बिटाचे पेटंट घेतले आणि 1864 मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. आजही लेथच्या मागच्या टेलस्टॉकमध्ये बसणाऱ्या निमुळत्या दांड्याला आपल्याकडचे टर्नर 'मोर्स टेपर' म्हणतात. ते नाव यांचेच.

तेव्हाचे बिट कार्बन पोलादाचे होते. जरा तापून निळे पडले की धार मेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी टंगस्टन-क्रोमियमच्या पोलादाला तापवून थंड करण्याची नवी रीत शोधली. त्यातून हायस्पीड स्टील आले. बिटाच्या दांड्यावर 'एचएसएस' अशी अक्षरे असतात ती याची. हे पोलाद लालसर तापले तरी आपला कडकपणा सांभाळते.

धातू धातूत फरक

नरम लोखंडाला, म्हणजे कारखान्यातल्या 'एमएस'ला, 118 अंश पुरतात. पंच मारा, दोन थेंब कटिंग ऑइल टाका, दाब सोडू नका. कीस लांब वेटोळे घेत येतो.

स्टेनलेस स्टीलला हेच बिट लावले की बरेच जण फसतात. स्टेनलेसचा स्वभाव असा की त्याला नुसते घासले तर घासलेला थर अधिक कडक होतो. मधली आडवी कड तर घासणारीच असते. हात जरा सैल पडला, बिट क्षणभर जागेवर फिरले की खाली एक कडक, चकचकीत वाटी तयार होते आणि मग त्या वाटीत बिटाचीच धार जाते. इथे 135 अंशांचे स्प्लिट पॉइंट लागते. त्याची मधली आडवी कड दोन्ही बाजूंनी घासून जवळजवळ नाहीशी केलेली असते आणि तिच्या जागी दोन बारीक धारा काढलेल्या असतात. मध्यही मग थोडेफार कापू लागतो आणि टोक पृष्ठभागावर घसरत नाही. पोलाद कोबाल्टचे असेल तर उत्तम. एम-35 मध्ये साधारण 5 टक्के कोबाल्ट असते, एम-42 मध्ये 8 टक्के. वेग निम्म्याहून कमी, दाब ठाम आणि तेल भरपूर. स्टेनलेसला थांबत थांबत भोक पाडू नये. बिट एकदा टेकले की त्याने कापतच राहिले पाहिजे.

बीड, म्हणजे तव्याचे ओतीव लोखंड, याच्या अगदी उलट. त्यात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात, त्यामुळे कीस वेटोळे घेतच नाही, त्याची काळी भुकटी होते. ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते, म्हणून बिडाला बहुधा कोरडेच भोक पाडतात. तेल टाकले तर भुकटीचा चिखल होऊन पन्हळी तुंबतात. बिडाचा उपद्रव कोपऱ्याला होतो. ओतकामाच्या वरच्या कातडीत साच्यातली वाळू चिकटलेली असते आणि ती कोपरा खाऊन टाकते. यावर जुना उपाय म्हणजे दोन कोनांचे टोक. मधला भाग 118 अंशांतच ठेवायचा आणि बाहेरचा कोपरा तेवढा 90 अंशांत उतरवायचा. कोपऱ्याची तीक्ष्ण कड जाऊन तिथे लांब उतार होतो, आणि जिथे झीज अधिक तिथेच धार लांब मिळते.

पितळ मऊ आहे म्हणून त्याला भोक पाडणे सोपे असेल असे वाटते. प्रत्यक्षात अंगावर येणारा धातू हाच. पिळामुळे धारेला पुढे झुकलेली तीक्ष्ण पाचर मिळते आणि पोलादात ती हवीच असते. पितळेत तीच पाचर स्क्रूसारखी स्वतःला आत ओढून घेते. भोक आरपार होण्याच्या क्षणी तर बिट गचकन खाली जाते आणि हाताने धरलेला जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, गरगर फिरतो. बोटे जायबंदी होतात ती अशा वेळी. उपाय सोपा आहे. बारीक दगडाने किंवा हिऱ्याच्या पट्टीने प्रत्येक धारेचा पुढचा, पन्हळीकडचा चेहरा अगदी थोडा, अर्धा-पाऊण मिलिमीटर, बिटाच्या अक्षाला समांतर सपाट करायचा. धार शाबूत राहते, पण तिचा पुढचा झुकाव जातो. आता ती पितळेला खरवडते आणि आत ओढली जात नाही. आणि जॉब मात्र कायम व्हाइसमध्येच धरावा, मग धातू कोणताही असो.

ॲल्युमिनियमची अडचण चिकटपणाची. कीस धारेला चिकटून बसतो आणि मग धारेऐवजी तो चिकटलेला गोळाच धातू ओरबाडू लागतो. त्यामुळे पन्हळ रुंद, पीळ अधिक तिरपा आणि पन्हळीचा पृष्ठभाग गुळगुळीत असलेले बिट घ्यावे. नेहमीच्या बिटाचा पीळ साधारण 30 अंशांचा असतो, ॲल्युमिनियमच्या खास बिटाचा 40 अंशांच्या आसपास. वेग वाढवला तरी चालतो, मात्र बिट वरचेवर उचलून कीस झटकावा.

पत्र्याचे तिकोनी भोक

पातळ पत्र्याला मोठे भोक पाडून पाहिले असेल तर ते गोल न होता तिकोनी झालेले तुम्हाला आठवेल. आता त्याचे कारण सांगता येईल. दहा मिलिमीटरच्या बिटाचे टोक 3 मिलिमीटर उंच आणि पत्रा 1 मिलिमीटरचा. बिटाचा कोपरा पत्र्याला लागायच्या आधीच त्याचे टोक पत्र्याखालून बाहेर पडलेले असते. मध्याला कोणी धरून ठेवत नाही, कोपऱ्याला अजून भिंत मिळालेली नसते. बिट मग भोकात डोलू लागते आणि दोन धारांच्या डोलण्यातून तीन बाजूंचे भोक तयार होते.

यासाठी पायऱ्यांचे बिट मिळते. शंकूवर पायऱ्या कोरलेल्या असाव्यात तसे ते दिसते. प्रत्येक पायरी भोक थोडे थोडे मोठे करते आणि आधीची पायरी बिटाला भोकात धरून ठेवते. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत पॅनेलच्या पत्र्यासाठी हे हमखास सापडते. ते नसेल तर पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा घट्ट बांधून भोक पाडावे. टोक पत्र्यातून निघाले तरी लाकडात रुतते आणि मध्य जागेवर राहतो.

लाकूड: आधी कड, मग आतला भाग

आपल्या सुताराकडे पूर्वी दोन साधने असत, सामता आणि गिरमिट. सामता दोरीने फिरे, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे, म्हणून त्याचे पाते चपटे आणि दोन्ही बाजूंनी कापणारे. गिरमिट आडव्या मुठीने एकाच दिशेने पिळायचे, म्हणून त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे. ते आटे लाकडात शिरले की साधन आपोआप खाली ओढले जाई आणि हाताला फक्त फिरवण्याचे काम उरे. पितळेत जी ओढ घातक, ती लाकडात उपयोगाची.

लाकूड धातूसारखे सगळ्या बाजूंनी एकसारखे नसते. त्यात तंतू असतात. 118 अंशांचे बिट लाकडात जाते खरे, पण त्याची धार तंतू कापण्याआधी उचलते आणि भोकाच्या तोंडाशी टवके निघतात. म्हणून लाकडाच्या बिटाने काम उलट क्रमाने केले पाहिजे. मधोमध एक बारीक अणी, जी बिटाला जागेवर धरते. बाहेरच्या कडेला दोन टोकदार चाकू, जे मधल्या धारेच्या आधी लाकडाला टेकतात आणि भोकाच्या परिघावर तंतू गोल कापून ठेवतात. त्यानंतर सपाट धार आतले लाकूड उचलते. याला ब्रॅड पॉइंट म्हणतात. मध्य आणि कोपरा ही आपली दोन ठिकाणे इथे पहिले काम करतात, धार मागून येते.

बेंजामिन फोर्स्टनर या अमेरिकन कारागिराने 1874 मध्ये पेटंट घेतलेले बिट तर बाहेरच्या कड्याच्याच आधाराने चालते. त्याच्या मध्यावर फक्त बारीक टोचा असतो आणि भोकाचा तळ सपाट येतो. अर्धे भोक फळीच्या कडेबाहेर गेले तरी ते सरकत नाही. कपाटाच्या दाराला आतून बसणाऱ्या ऑटो हिंजसाठी सुतार 35 मिलिमीटरची जी वाटी कोरतो ती याच जातीच्या बिटाने. लाकडाला आरपार भोक पाडताना मागे एक जुनी फळी दाबून धरली की मागच्या बाजूचे टवकेही जात नाहीत.

भिंत, टाइल आणि काच

काँक्रीटच्या बिटाचे टोक बोट लावून पाहा. ते बोथट लागेल, आणि ते बिघडलेले नाही. पोलादी दांड्यात टंगस्टन कार्बाइडची एक पट्टी बसवलेली असते. ती दांड्यापेक्षा थोडी रुंद असते, म्हणजे दांडा भोकात अडकत नाही. हे बिट काँक्रीट कापत नाही. मशीन ठोके देते, कार्बाइड दगडाचा कण चिरडते, फेऱ्यागणिक नवी जागा पुढे येते आणि पीळ फक्त पूड बाहेर काढतो. ठोका खाणाऱ्या टोकाला तीक्ष्ण पाचर दिली तर ती पहिल्या मिनिटात तुटेल, म्हणून ते जाड आणि आखूड उताराचे. बॉश आणि हिल्टी यांनी 1975 च्या सुमारास आणलेल्या एसडीएस दांड्यात बिट चकमध्ये घट्ट आवळलेले नसते. ते पुढेमागे थोडे सरकते आणि ठोका चकमध्ये न मुरता सरळ टोकाला पोहोचतो.

पण प्रत्येक भिंतीला ठोका नको. कोकणातल्या घराचा जांभा किंवा नव्या इमारतींतले हलके एएसी ब्लॉक मऊ आणि सच्छिद्र असतात. त्यांना हॅमर चालू ठेवून भोक पाडले की भोक सैल होते आणि प्लग धरत नाही. तिथे हॅमर बंद करून नुसते फिरवावे.

टाइल आणि काच यांना ठोका म्हणजे तडाच. त्यांच्यासाठी भाल्याच्या पात्यासारखे कार्बाइडचे टोक मिळते. ते निमुळते असल्याने मधली आडवी कड जवळजवळ नसते आणि काम अगदी छोट्या जागेपासून सुरू होते. मोठ्या भोकासाठी हिऱ्याच्या कणांचे पोकळ बिट असते, आणि त्याने मध्याचा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे. त्याला मध्यच नाही. ते फक्त परिघावर घासत जाते, मधली चकती आपोआप सुटून येते. दोन्हींना पाण्याची धार हवी आणि हात हलका हवा.

समोरचा माल पाहून टोक घडवण्याचा हा विचार नवा नाही. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनी बारा-बारा सेंटिमीटर लांबीच्या अकीक मण्यांना लांबीच्या दिशेने भोके पाडली, दोन्ही टोकांकडून आत येत. त्यासाठी त्यांनी एक अतिशय कडक दगड तापवून घडवला. उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून आज त्याला अर्नेस्टाइट म्हणतात. जोनाथन मार्क केनॉयर यांच्या प्रयोगांत असे बिट तासाला साधारण अडीच मिलिमीटर आत जात होते. म्हणजे एका लांब मण्याला कित्येक दिवसांची बैठक. गुजरातेत खंबायतला मणी भोकणारे कारागीर पुढे कामठ्याच्या सामत्याला हिऱ्याचे दोन बारीक कण समोरासमोर बसवत. दोन धारा, समोरासमोर. पिळाच्या बिटाचे टोक भिंगाखाली पाहिले तेव्हा आपल्याला दिसले होते तेच.

आता पाटीची गोष्ट

ॲक्रिलिक कडक आणि ठिसूळ, वर उष्णतेने मऊ पडणारे. 118 अंशांचे बिट त्यातून बाहेर पडते तेव्हा टोकाखाली उरलेला पातळ पापुद्रा एकदम दाबला जातो. त्यातच पिळाची तीक्ष्ण पाचर पितळेसारखीच बिटाला पुढे ओढते. पापुद्रा कापला जात नाही, तो फुटतो आणि तडा कडेपर्यंत पळतो. लोखंड असा धक्का सोसते, ॲक्रिलिक सोसत नाही.

काकांच्या पांढऱ्या ठिपक्याच्या बिटाला दोन गोष्टी केलेल्या होत्या. टोक 60 ते 90 अंशांच्या दरम्यान निमुळते केलेले होते, म्हणून ते खालून हळूहळू बाहेर येई आणि भोक शेवटपर्यंत थोडे थोडे मोठे होत जाई. आणि धारांचे चेहरे पितळेसाठी करतात तसे सपाट केलेले होते, म्हणून बिट आत ओढले जात नव्हते. खाली लाकूड, वेग मध्यम, आणि मधूनमधून बिट उचलून थंड करायचे. बस्स.

धार स्वतः लावायची असेल तर

बिट ग्राइंडरवर घासायला शिकणे हे प्रत्येक फिटरचे पहिले कौशल्य असते, आणि ते शिकण्यासारखे आहे. बिट चाकाच्या तोंडाशी 59 अंशांत धरायचे, धार आडवी ठेवायची आणि घासता घासता दांडा हळूच खाली न्यायचा, म्हणजे पाठीला उतार मिळतो. मग अर्धा फेरा देऊन दुसरी धार तशीच. चष्मा घाला आणि हातमोजे काढून ठेवा. फिरत्या यंत्राजवळ हातमोजा हाताला आत ओढतो.

कोन बरोबर आला का हे पाहायला महागडे माप लागत नाही. दोन षट्कोनी नट एकमेकांना सपाट बाजूने चिकटवून टेबलावर ठेवा. त्यांच्यामध्ये जी खाच तयार होते ती बरोबर 120 अंशांची असते. बिटाचे टोक त्या खाचेत बसवा आणि उजेडाकडे धरून पाहा. दोन्ही बाजूंनी सारखे बसले तर कोन कामापुरता जमला. त्यानंतर दोन्ही धारांची लांबी पाहा, कारण कोनापेक्षाही ती महत्त्वाची. एक धार लांब राहिली तर मध्य एका बाजूला सरकतो आणि दहाच्या बिटाने साडेदहाचे भोक पडते.

शेवटची परीक्षा माल स्वतः घेतो. नरम लोखंडाच्या तुकड्यावर बिट टेकवा आणि वर येणारा कीस पाहा. दोन्ही पन्हळींतून सारखी दोन वेटोळी येत असतील तर दोन्ही धारा काम करत आहेत. एकीकडून वेटोळे आणि दुसरीकडून नुसती पूड असेल तर एक धार दुसरीच्या कमाईवर बसून खाते आहे. पुन्हा चाकावर जा.

माझ्या खणातही आता एक पत्र्याचा डबा आहे. पितळेच्या बिटांना पिवळा ठिपका, ॲक्रिलिकच्यांना पांढरा, स्टेनलेसच्यांना निळा. ठिपका लावावा लागतो, कारण चेहरा सपाट केलेले पितळेचे बिट चुकून लोखंडाला लावले तर ते कापत नाही, नुसते रडते. मुलगा काही भोक पाडायला बिट मागायला आला की मी त्याला माप आधी विचारत नाही. विचारतो, "कशाला पाडायचंय?"